रंग एकच, पोत अनेक!

आमच्या मंगल परिणयाच्या मंडपात अलीकडे एक दृश्य ठिकठिकाणी दिसते. त्रिशरण-पंचशील होईपर्यंत, बोधाचार्य विधी पूर्ण करेपर्यंत नवरीच्या अंगावर पांढरी साडी असते. विधी आटोपून जेवणाच्या पंगती बसल्या की तासाभरात तीच नवरी लाल नाहीतर हिरव्या भरजरी शालूत स्टेजवर येऊन बसते. विचारले तर घरच्या बायका सांगतात, "पांढऱ्यात पोरगी उठून दिसत नाही. फोटोत सगळं सपाट येतं." यावर काही जण लगेच प्रवचन सुरू करतात की समाज धम्म विसरला, पोरी बिघडल्या. आम्हाला ते मान्य नाही. लग्नाच्या दिवशी सुंदर दिसावे असे वाटणे हा कोणत्याही मुलीचा हक्क आहे. ज्या समाजाच्या बायकांना पिढ्यानपिढ्या घोट्यापर्यंत लुगडे नेसण्याचीही मुभा नव्हती, त्या समाजाने तर हा हक्क छातीठोकपणे बजावला पाहिजे. पण त्यासाठी पांढरे सोडण्याची गरज आहे काय? आमचे स्पष्ट मत आहे की गरज नाही. आमच्या भगिनींना हवा असलेला उठाव पांढऱ्यातच मिळू शकतो. तो कापडाच्या पोतात दडलेला आहे, आणि पोताचा प्रश्न केवळ शिवणकामाचा नाही. तो आमच्या इतिहासाचाही आहे.

आधी पोत म्हणजे काय ते समजून घेऊ. डोळ्यांना दिसतो तो रंग आणि बोटांना कळतो तो पोत. सुती साडी, खादी, मलमल, चंदेरी, साटीन, क्रेप, मखमल ही सारी कापडे एकाच पांढऱ्या रंगात घेऊन शेजारी शेजारी ठेवून पाहा. साटीनच्या पृष्ठभागावर धागे लांबच लांब मोकळे पडलेले असतात, त्यामुळे आरशासारखा उजेड परत फेकला जातो आणि ते चमकते. खादीचा धागा कुठे जाड कुठे बारीक असतो, त्यावर उजेड विखुरतो आणि ती शांत, मऊसर दिसते. मखमलीच्या उभ्या लवेत उजेड शिरतो आणि अडकतो, म्हणून ती गडद भासते. चंदेरीतून उजेड आरपार जातो. म्हणजे रंग एकच असला तरी चार कापडांवर चार वेगवेगळ्या छटा तयार होतात. अंगावरच्या एकाच पोशाखात अशी दोन-तीन कापडे विचारपूर्वक जोडली की माणूस चालू लागताच सावली आणि उजेड त्यावर खेळू लागतात. दुसरा रंग लागत नाही, जर लागत नाही. लखनौच्या चिकनकारीत पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याने भरतकाम होते आणि त्याची कीर्ती जगभर आहे. ती कीर्ती रंगाने मिळवलेली नाही, ती पोताने मिळवलेली आहे.

पांढरे सपाट दिसते याचे कारण एवढेच, की डोक्यापासून पायापर्यंत एकाच गुळगुळीत पॉलिस्टरच्या ठाणातून साडी, पोलके, ओढणी सगळे काढले जाते. असे केले तर लालही सपाट दिसेल आणि हिरवेही. फक्त लाल-हिरव्यावर जर असते, म्हणून ते लपते.

आता इतिहासाकडे वळू. या देशात कोणी कोणत्या रंगाचे नेसावे यावर बंधने होतीच, परंतु कोणी कोणत्या पोताचे नेसावे यावरची बंधने त्याहून कडक होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. आमच्या गावगाड्यातही महाराच्या वाट्याला मढ्यावरचे कापड येई आणि त्याला 'हक्क' असे गोंडस नाव होते. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांनी छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे लढा दिला. मारहाण सोसली, अंगावरचे कापड फाडले गेले, घरे जाळली गेली. शेवटी १८५९ साली महाराजांनी जाहीरनामा काढून परवानगी दिली. त्या जाहीरनाम्याचा मजकूर आजच्या आमच्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. नाडार स्त्रियांनी ख्रिस्ती बायकांसारखी चोळी घालायला हरकत नाही, कोळणींप्रमाणे जाडेभरडे कापड गुंडाळायला हरकत नाही, मात्र उच्चवर्णीय स्त्रियांच्या पद्धतीने नेसता येणार नाही, असा त्याचा आशय होता. वाचकहो, नीट लक्षात घ्या. अंग झाकण्याचा हक्क मान्य करावा लागला तेव्हाही जात कुठे जाऊन लपली? ती नेसण्याच्या पद्धतीत लपली आणि कापडाच्या जाडेभरडेपणात लपली.

दुसरे उदाहरण आमच्या घरातले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आमचे आजे-पणजे राबले. पण कुठे? सूतकताईच्या खात्यात. साचेखाते, म्हणजे जिथे प्रत्यक्ष कापड विणले जाते ते खाते, त्यांना बंद होते. कारण धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावायला तयार नव्हता. साचेखात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला आणि कामगारांच्या मागण्यांत साचेखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी आलीच पाहिजे असा आग्रह धरला. धागा सुतात तयार होतो, पण पोत जन्माला येतो तो मागावर. उभ्या धाग्यातून आडवा धागा कसा न्यायचा, कितीवर उचलायचा, कितीखाली दाबायचा यावर कापड साधे होणार, ट्विल होणार की साटीन होणार हे ठरते. म्हणजे सूत आमच्या हातचे चालत होते, परंतु त्या सुताला पोत देण्याचा अधिकार आमच्या हाताला नव्हता.

तिसरी गोष्ट विदर्भाची. तेव्हाच्या मध्य प्रांतात महार समाजाचा एक मोठा व्यवसाय हातमागावर कापड विणण्याचा होता. पण ते कापड कोणते, तर गावातल्या कष्टकऱ्यांनी वापरायचे जाडेभरडे. तलम रेशीमकाठी लुगडी विणणारे हात वेगळे मानले गेले. जाडे कापड टिकाऊ होते, थंडीत ऊब देणारे होते, विणायला कौशल्य मागणारे होते. तरीही त्याला किंमत नव्हती, कारण ते विणणाऱ्याला आणि नेसणाऱ्याला किंमत नव्हती. कापडात कमीपणा नसतो. कमीपणा व्यवस्थेने त्याला चिकटवलेला असतो.

इथे कोणी विचारील की जाड्याभरड्या कापडाला प्रतिष्ठा तर खादीच्या चळवळीने दिलीच होती, मग तुमचे नवे काय? फरक मोठा आहे. ज्याच्या पेटीत रेशीम आहे त्याने जाडे कापड अंगावर घेतले तर तो त्याग ठरतो आणि लोक हार घालतात. ज्याच्यावर जाडे कापड लादले गेले आहे त्याला मात्र त्याच कापडासाठी कोणी हार घालत नाही. त्याच्यासाठी तलम, नीटनेटके, अंगावर बसणारे कापड घालणे ही मुक्ती असते. बाबासाहेबांनी सूट घातला त्यामागचा अर्थ हा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी महिलांना वेगळे मार्गदर्शन केले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे, हाता-पायांतले जडशीळ कथील-पितळेचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका, पायघोळ नेसा, स्वच्छ राहा, असा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. आणि आमच्या माउलींनी वेळ दवडला नाही. दुसऱ्याच दिवशी लुगडी नेसण्याची तऱ्हा बदललेली होती. म्हणून "कापडाच्या गोष्टी करून चळवळ चालते काय?" असे जे विचारतात त्यांना आम्ही महाडकडे बोट दाखवतो. चळवळीचा एक धडा तिथे निऱ्यांमध्ये गिरवला गेला.

मग एक रंग आणि अनेक पोत ही कल्पना आमच्या परंपरेत आहे काय? आहे, आणि ती अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. भिक्खूंच्या चीवराकडे पाहा. विनयपिटकातील महावग्गात चीवरांवर एक स्वतंत्र खंधक आहे. त्यात भगवान बुद्धांनी चीवरासाठी सहा प्रकारचे कापड चालेल असे सांगितले आहे. जवसाच्या धाग्याचे क्षौम, सुती, रेशमी, लोकरीचे, तागाचे आणि सहावे 'भंग', ज्याचा अर्थ मिश्र धाग्याचे कापड असाही केला जातो. म्हणजे अत्यंत तलम रेशीमही चालेल आणि अत्यंत खरखरीत तागही चालेल. सुरुवातीला भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचून चीवर करीत. पुढे वैद्य जीवकाने मौल्यवान वस्त्र अर्पण केले, तेव्हा उपासकांनी दिलेले कापड घेण्याची मुभा बुद्धांनी दिली. मग एक अडचण उभी राहिली असती. एका भिक्खूच्या अंगावर राजवैद्याने दिलेले तलम वस्त्र आणि दुसऱ्याच्या अंगावर चिंध्या, मग संघात समता कशी राहणार?

याचे उत्तर शिवणकामाने दिले. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना बुद्धांनी मगधातील शेते पाहिली. बांधांनी आखलेली, चौकोनी तुकड्यांची, पट्ट्यापट्ट्यांची. त्यांनी आनंदाला विचारले की भिक्खूंची चीवरे या शेतांसारखी करता येतील काय? आनंदाने तसे चीवर बेतले आणि बुद्धांनी त्याच्या बुद्धीचे कौतुक केले. कापड कितीही किमती असो, त्याचे तुकडे करायचे, ते आखणीप्रमाणे जोडायचे आणि मुळे, लाकूड, साल, पाने, फुले, फळे यांपासून केलेल्या रंगात ते अख्खे बुडवून काढायचे. तुकडे झाले की भारी कापडाचा बाजारभाव संपला, चोरालाही त्याचा मोह राहिला नाही. रंग एक झाला की दाता कोण होता हेही कळेनासे झाले. परंतु तुकड्यांचे पोत पुसले गेले नाहीत. प्रत्येक तुकडा आपल्या वेगळेपणासह त्या एका वस्त्रात सन्मानाने बसला. एकरंगी पोशाखात भिन्न पोत जोडण्याचे याहून जुने आणि याहून थोर उदाहरण आम्हाला माहीत नाही. भगव्या चीवराचा हा नियम आहे, तसाच गृहस्थ उपासकांचे वर्णन पाली साहित्यात 'शुभ्र वस्त्र परिधान करणारे' असे येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पांढरा रेशमी धोतर-कोट घातलेले बाबासाहेब आणि पांढऱ्या सुती वस्त्रांतील लाखो कष्टकरी एकाच मैदानावर उभे होते. रेशीमही पांढरे, जाडेभरडेही पांढरे. दोन्हींनी एकच प्रतिज्ञा घेतली.

या वारशाचा आजच्या शिवणकामात उपयोग कसा करायचा, हे आता सांगतो. आमच्या अनेक भगिनी शिलाई मशीनवर घर चालवतात, मुली आयटीआयमध्ये ड्रेसमेकिंग शिकतात. त्यांच्यासाठी हे तपशील उपयोगी पडावेत.

पहिली गोष्ट रंग जुळवण्याची. पांढरा एकच नसतो. कोरा, दुधी, मोतिया, निळसर असे त्याचे अनेक पांढरे होतात. गिरणीतल्या चकाकी देणाऱ्या रसायनामुळे पॉलिस्टर निळसर पांढरे दिसते, तर हातमागाचे सुती पिवळट झाकेचे असते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन पांढरे उन्हात भांडू लागतात. म्हणून प्रत्येक कापडाची चिंधी मागून घ्या, ती उन्हात, ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली शेजारी धरून पाहा. छटेतला फरक अगदी थोडा असेल तर तो चुकल्यासारखा दिसतो. एकतर तंतोतंत जुळवा, नाहीतर कोऱ्यापासून शुभ्रापर्यंत स्पष्ट पायऱ्या ठेवा. विदर्भातले टसर मुळातच बदामी झाकेचे असते. ते शुभ्र पांढऱ्याशी जुळवण्याचा हट्ट करू नका, दुधी आणि कोऱ्या कापडाच्या संगतीत ते शोभून दिसते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. तीन पोत पुरेत. एक शांत, म्हणजे खादी किंवा हातमागाचे जाडे सुती. एक पारदर्शक, म्हणजे चंदेरी किंवा मलमल. एक चमकदार, म्हणजे रेशीम किंवा साटीन. तिन्ही सारख्या प्रमाणात वापरू नका. एक पोत मुख्य, दुसरा त्याच्या निम्मा आणि चमकदार तर अगदी थोडा, जेवणातल्या मिठाइतका.

तिसरी गोष्ट वजनाची. जड कापडाला हलके कापड लटकू शकते, हलक्याला जड लटकवले तर शिवण ताणून कापड विरते. पातळ कापड वर घ्यायचेच असेल तर त्याला मलमलीचे अस्तर द्या आणि खांद्याच्या शिवणीत सुती पट्टी घाला. चौथी गोष्ट पाण्याची. खादी आणि सुती कापड आटते, पॉलिस्टर आटत नाही. न भिजवता बेतले तर पहिल्याच धुण्यात जोड सुरकुततो. तेव्हा सुती कापड रात्रभर भिजवून, सुकवून, इस्त्री करूनच कात्री लावा. पाचवी गोष्ट दिशेची. साटीन आणि मखमलीचे सारे तुकडे एकाच दिशेने बेतावे लागतात. एक तुकडा उलटा लागला की एकाच ठाणातले कापड दोन रंगांचे दिसते. सहावी गोष्ट मशीनची. तलम कापडाला बारीक सुई, जाड्याला जाड सुई. चंदेरी दातांखाली गोळा होत असेल तर खाली कागद ठेवून शिवा आणि मग कागद फाडून काढा. इस्त्री सर्वांत नाजूक कापडाला सोसेल तेवढीच गरम ठेवा, तीही उलट्या बाजूने.

आता एक पोशाख बेतून पाहू. मध्यम बांध्याच्या मुलीसाठी पायघोळ, घेरदार कुर्ता धरा. छातीवरच्या योकसाठी अर्धा मीटर हातमागाचे जाडे सुती. घेरासाठी चार मीटर मलमल, बारीक चुण्या घालून. बाह्यांसाठी पाऊण मीटर चंदेरी, बिनअस्तराची, शिवणी दुमडून आत लपवलेल्या. योक आणि घेर जिथे भेटतात तिथे, तसेच गळ्याला आणि मनगटाला साटीनची उरेब पट्टी कापून बारीक पायपिंग. पाव मीटर साटीन त्याला पुरते. ओढणी मलमलीची, तिच्या दोन्ही टोकांना त्याच जाड्या सुती कापडाची चार बोटे रुंद पट्टी. सगळे पांढरे. ही मुलगी मंडपात उभी राहिली तर तिच्या बाह्यांतून उजेड जाईल, घेरावर सावल्या पडतील, पायपिंगची रेघ चमकेल आणि छातीवरचे जाडे कापड शांतपणे साऱ्याला धरून ठेवेल. फोटो सपाट येणार नाही, याची आम्ही खात्री देतो.

जाडे कापड आम्ही योकमध्ये का घेतले? शिवणकामाची रूढ रीत अशी की भारी कापड वर आणि स्वस्त, जाडे कापड अस्तरात. तलम दिसावे, जाड्याने आतून भार वाहावा. ही रीत पाहिली की आम्हाला समाजरचनाच आठवते. सगळा भार ज्याच्यावर, तोच नजरेआड! म्हणून आमचा आग्रह आहे की एकरंगी पोशाखात जाड्याभरड्या कापडाला मानाची जागा द्या, छातीवर, गळ्याजवळ, सर्वांच्या नजरेसमोर. शिवणशास्त्राच्या दृष्टीनेही ते बरोबर आहे. योकवर साऱ्या घेराचे वजन येते, तिथे मजबूत कापडच हवे. जो भार वाहतो तो समोर दिसला पाहिजे.

घरात आजीचे जुने पांढरे पातळ असेल तर त्याहून चांगले. विहारात वर्षानुवर्षे नेसून, धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या कापडाचा पोत कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते विरलेले असते, म्हणून त्याच्या मागे नव्या सुती कापडाचा थर घेऊन दोन्ही एकत्र धावदोऱ्याने शिवून घ्या आणि मग त्याचा योक बेता. आमच्या आया-आज्यांना हे शिकवण्याची गरज नाही. वाकळ आणि गोधडी शिवताना त्यांनी जाडे, बारीक, सुती, नायलॉन असे मिळेल ते जोडून लेकरांना ऊब दिली. गरिबीतून आलेले हे कसब आहे, पण त्याला गरिबीचे लक्षण समजून विसरून जाण्याचे कारण नाही.

दोन आक्षेपांना उत्तर देऊन थांबतो. काही मंडळांत अशी सूचना येते की समाजातल्या सर्व महिलांनी एकाच ठाणाची, एकाच भावाची पांढरी साडी घ्यावी म्हणजे समता दिसेल. हेतू चांगला आहे, पण जिच्याकडे धुतलेली, स्वच्छ सुती साडी आहे तिला पुन्हा नव्या खर्चात का पाडायचे? आणि चीवराची शिकवण काय आहे? समतेसाठी सर्व धागे सारखे असण्याची अट बुद्धांनी घातली नाही. सर्व धाग्यांना एका वस्त्रात सारखा मान मिळण्याची व्यवस्था त्यांनी केली. विहारात नायलॉनची पांढरी साडी नेसलेली भूमिहीन मजूर बाई आणि चंदेरी नेसलेली प्राध्यापिका शेजारी शेजारी बसल्या, तर त्यांचे पोत वेगळे दिसणारच. बाईला मागच्या रांगेत सरकावेसे वाटले तर तो दोष साडीचा नाही, आम्हा सर्वांचा आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हातमागाचे कापड महाग पडते हे खरे आहे. म्हणूनच वरच्या पोशाखात ते अर्धा मीटर आणि ओढणीच्या पट्ट्यांपुरते आहे, घेर मलमलीचा आहे. एक दिवस नेसून पेटीत टाकायच्या भरजरी शालूपेक्षा हा पोशाख स्वस्त पडतो आणि पुढच्या बुद्ध पौर्णिमेला, १४ एप्रिलला, १४ ऑक्टोबरला पुन्हा घालता येतो. रेशीम आत असेल तर रिठ्याच्या गार पाण्यात धुवा. मात्र एक खर्च वाचवू नका. तीन पोत जोडायला शिवणाऱ्या बाईला जास्त वेळ लागतो, जास्त डोळे लागतात. नेहमीच्या कुर्त्याच्या भावात हे काम करून मागणे म्हणजे पुन्हा आमच्याच माणसाचा घाम फुकट घेणे होय. ज्यांना साचेखात्यात पाऊल ठेवू दिले नाही त्यांच्या नातींना निदान आम्ही तरी कारागिराचा पूर्ण मोबदला दिला पाहिजे.

निळ्या रंगालाही हीच रीत लागू पडते. तरुण मुले अंगभर निळे घालतात. डेनिम म्हणजे निळा उभा धागा आणि पांढरा आडवा धागा यांचा ट्विल. त्याच धाग्यांची साधी वीण केली की शॅम्ब्रे होते. निळी डेनिम, निळे शॅम्ब्रे आणि निळी खादी यांचे एक जाकीट आमच्या मुलामुलींनी बेतून पाहावे.

प्रत्येक विहारात शिवणवर्ग चालवणाऱ्या महिला मंडळांना आमची विनंती आहे. येत्या वर्षावासात रविवारचे दोन तास यासाठी ठेवा. घरोघरच्या पांढऱ्या कापडांचे उरलेले तुकडे गोळा करा. खादी, मलमल, साटीन, नायलॉन, जे मिळेल ते. मुलींना डोळे मिटून ते बोटांनी ओळखायला लावा. कोणत्या तुकड्याचा भाव किती हे विचारू नका. कोणता तुकडा भार पेलतो, कोणता उजेड देतो, कोणता कोणाशेजारी शोभतो हे विचारा. मग त्यांच्या हाती कात्री द्या आणि महावग्गातील आनंदाची गोष्ट सांगा. ज्यांना पोत निवडण्याचा अधिकार नव्हता त्यांच्या लेकी आपला पोत आपण निवडतील, आपण जोडतील आणि ताठ मानेने अंगावर घालतील. महाडला निऱ्यांमध्ये गिरवलेला धडा असाच पुढे न्यायचा आहे.

जयभीम!